सार्वजनिक उद्यानातील अखंड वहिवाट : अपंग अभ्यागतांच्या दृष्टीने एक विवेचन

सार्वजनिक उद्यान ही नागरी जीवनातील एक आगळी संस्था आहे. मनुष्य रुग्णालयात जातो तो आजारी पडला म्हणून, कचेरीत जातो तो काम अडले म्हणून आणि शाळेत जातो तो शिकावयाचे असते म्हणून; उद्यानात मात्र तो केवळ जावेसे वाटले म्हणून जातो. तेथे जाण्यास कारण द्यावे लागत नाही, हेच उद्यानाचे वैशिष्ट्य होय. अपंग व्यक्तीच्या बाबतीत समाज नेमके हेच विसरतो. तिला उपचार हवेत, शिक्षण हवे, उपजीविकेचे साधन हवे, हे आता बहुतेकांना मान्य झाले आहे; परंतु तिलाही संध्याकाळी घटकाभर झाडाखाली विनाकारण बसावेसे वाटत असेल, ही गोष्ट सर्वांत शेवटी आठवते आणि पुष्कळदा आठवतच नाही. एखाद्या शहराने आपल्या अपंग रहिवाशांना कितपत आपले मानले आहे हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या रुग्णालयांपेक्षा त्याच्या उद्यानांकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन करावयाचे आहे. ‘अपंग’ हा मराठीत रूढ असलेला शब्द येथे सामान्य अर्थाने योजिला असून, कायद्याच्या संदर्भात मात्र ‘दिव्यांग’ हा आज शासनमान्य असलेला शब्द ठेविला आहे. शीर्षकातील ‘वहिवाट’ हा शब्दही हेतुपुरस्सर घेतला आहे. वहिवाट म्हणजे वापराने जिवंत राहणारा रस्ता आणि त्याचबरोबर वापराने प्राप्त होणारा हक्क. रस्ता मध्येच तुटला तर वहिवाट उरत नाही, आणि तो राखला नाही तरीही ती उरत नाही. उद्यानाची सुगम्यता याच दोन अटींवर अवलंबून असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रश्नाची व्याप्ती व कायद्याची भूमिका

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लक्ष, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या २.२१ टक्के होती. महाराष्ट्रात ही संख्या २९ लक्षांहून अधिक भरली. देशातील अपंगांपैकी हालचालीचे अपंगत्व असणारे २०.३ टक्के, श्रवणदोष असणारे १८.९ टक्के व दृष्टिदोष असणारे १८.८ टक्के होते. या आकड्यांत वार्धक्यामुळे गुडघे दुखू लागलेले गृहस्थ नाहीत, पाय मोडून तीन महिने कुबड्या घेतलेला विद्यार्थी नाही, की मुलाची हातगाडी ढकलीत चालणारी माताही नाही. उद्यानाच्या पायरीशी मात्र या सर्वांची गाठ पडते. म्हणून हा प्रश्न एका लहान गटाचा आहे, अशी समजूत प्रारंभीच बाजूला सारली पाहिजे.

संयुक्त राष्ट्रसंघाने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला व भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. या कराराच्या नवव्या अनुच्छेदात सुगम्यतेचा आणि तिसाव्या अनुच्छेदात सांस्कृतिक जीवन, विरंगुळा व क्रीडा यांतील सहभागाचा विचार आहे. त्यास अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या अधिनियमात ते एकवीस झाले. सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याच्या हक्काचे संवर्धन करणे हे शासनाचे व स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे, असे या अधिनियमाचे २९ वे कलम सांगते. आणि ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेच्या व्याख्येत विरंगुळा व मनोरंजन यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे. नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांच्या आत अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम्य करावयाच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये संपली.

मुदत संपूनही काम का झाले नाही, याचे एक उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर दिलेल्या निकालात सापडते. अधिनियम बंधनकारक मानकांची अपेक्षा करतो. परंतु त्याखालील १५ व्या नियमाने ज्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला होता, त्या केवळ शिफारशीच्या स्वरूपाच्या होत्या. हा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवून न्यायालयाने केंद्र शासनास तीन महिन्यांच्या आत बंधनकारक नियम करण्याचा आदेश दिला. ‘करावे’ आणि ‘केलेच पाहिजे’ यांतील अंतर किती मोठे असते, याचे हे बोलके उदाहरण होय. तथापि कायदा कितीही कडक झाला, तरी काय करावयाचे हे नीट उमगल्याखेरीज उद्यानाच्या वाटेवरील एक दगडही हलत नाही. म्हणून आता प्रत्यक्ष उद्यानाकडे वळू.

२. साखळीचा न्याय

समजा, एखाद्या उद्यानात एकूण १,००० मीटर लांबीच्या वाटा आहेत आणि त्यांपैकी ९५० मीटर वाटा सपाट, रुंद व टणक आहेत. अहवालात ‘९५ टक्के वाटा सुगम्य’ असे लिहिता येईल व ते खोटेही ठरणार नाही. परंतु फाटकाशीच १५ सेंटिमीटर उंचीच्या दोन पायऱ्या असतील, तर चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या अभ्यागताच्या दृष्टीने त्या उद्यानाची सुगम्यता शून्य आहे. आता त्याच दोन पायऱ्या फाटकावरून उचलून स्वच्छतागृहाच्या दारी ठेवा. सर्व वाटा फिरता येतील. परंतु अभ्यागत घरून निघतानाच पाणी पिण्याचे टाळील आणि तासाभरात परत फिरेल. पायऱ्या तितक्याच राहिल्या. पहिल्या ठिकाणी त्यांनी जागा हिरावून घेतली, दुसऱ्या ठिकाणी वेळ.

यावरून निष्पन्न होणारा सिद्धान्त असा की, उद्यानाची सुगम्यता सरासरीने मोजता येत नाही. ती साखळीप्रमाणे असते व तिचे बळ सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते. बसथांबा, पदपथ, फाटक, मुख्य वाट, बाक, पाणपोई, स्वच्छतागृह आणि परतीचा मार्ग या त्या साखळीच्या कड्या होत. यांपैकी पहिल्या दोन कड्या उद्यानाच्या कुंपणाबाहेर आहेत, ही गोष्टही विसरता कामा नये. मुंबईत मलबार टेकडीवर पाण्याच्या टाक्यांच्या वर १८८१ मध्ये रचलेले फिरोजशहा मेहता उद्यान घ्या. टेकडीचा चढ हाच तेथील पहिला प्रश्न आहे. अशा ठिकाणी उद्यान अधीक्षकाच्या कामाची हद्द आणि अभ्यागताच्या अडचणीची हद्द एक नसते.

फाटकाविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. आपल्याकडील उद्यानांच्या फाटकाशी मोकाट जनावरे व दुचाकी वाहने आत येऊ नयेत म्हणून आडवेतिडवे लोखंडी नळ, फिरता अडसर किंवा जवळजवळ रोवलेले खांब असतात. हेतू रास्त असतो. परंतु वाहनास अडविणारी वस्तू चाकाच्या खुर्चीसही अडविते. मुंबईत पदपथांच्या तोंडाशी असे खांब इतके जवळ बसविले गेले की चाकाच्या खुर्चीस पदपथावर चढताच येईना, आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या गोष्टीची स्वतःहून दखल घेतली. खुर्ची विनासायास जाण्यासाठी सुमारे ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी लागते व जागच्या जागी वळण्यासाठी दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. हे दोन आकडे ध्यानात ठेवून फाटकाची पुनर्रचना करणे फारसे खर्चाचे नाही. शेजारी कुलूपबंद स्वतंत्र दार ठेवून ‘मागितल्यास उघडू’ असे म्हणणे मात्र उपाय नव्हे. कारण ज्यास प्रत्येक वेळी रखवालदारास शोधावे लागते, तो अभ्यागत राहत नाही, याचक होतो.

३. चाक, चढ आणि भूपृष्ठ

चाकाच्या खुर्चीस वाट कोठे अडते, हे सहानुभूतीपेक्षा यंत्रशास्त्राने अधिक चांगले समजते. खुर्ची व तीवरील व्यक्ती यांचे एकत्र वजन ९० किलो धरू. बारास एक या चढावर, म्हणजे बारा मीटर अंतरात एक मीटर चढणाऱ्या वाटेवर, गुरुत्वाकर्षण तिला सुमारे साडेसात किलो वजनाइतक्या जोराने मागे ओढीत असते. वीसास एक या चढावर हा जोर साडेचार किलोंवर येतो, तर आठास एक या चढावर तो अकरा किलोंच्या वर जातो. हा जोर केवळ हातांनी, आणि प्रत्येक क्षणी, लावावयाचा असतो. आपल्याकडील मानकांत बारास एक ही रॅम्पच्या चढाची कमाल मर्यादा धरली जाते, याचे कारण येथे स्पष्ट होते. आणि उद्यानात जागा विपुल असल्यामुळे वीसास एक हाच चढ शक्यतो का पत्करावा, हेही उमगते. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांऐवजी रॅम्प करावयाचा झाल्यास बारास एक या प्रमाणात ५.४ मीटर व वीसास एक या प्रमाणात ९ मीटर लांबी लागेल. दुकानाच्या दारी ९ मीटर मिळत नाहीत. बागेत त्या वळणदार वाटेने सहज मिळतात आणि ती वाट रॅम्प आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी गोष्ट उंचवट्याची. खुर्चीची मागची चाके मोठी व पुढची लहान असतात. दोन सेंटिमीटर उंचीची एक उभी कड वाटेत आली असे समजू. ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या मोठ्या चाकास ती ओलांडण्यासाठी त्या चाकावर पडणाऱ्या भाराच्या सुमारे ३८ टक्के एवढा आडवा जोर पुरतो. परंतु साडेसात सेंटिमीटर त्रिज्येच्या लहान चाकास त्यावरील भाराच्या ९३ टक्के, म्हणजे जवळजवळ भाराइतकाच जोर लागतो. चालणाऱ्यास जी कड दिसतही नाही, ती पुढच्या चाकास भिंतीसारखी असते. म्हणून ‘एकच तर लहानसा उंबरठा आहे’ हे विधान शास्त्रदृष्ट्या निरर्थक होय.

भूपृष्ठाचा विचार याच अनुषंगाने करावा. खडीत व गोट्यांत लहान चाक रुतते. चोपलेला मुरूम कोरड्या दिवसांत उत्तम असतो, परंतु आपल्या पावसाळ्यात त्याचा चिखल होतो. गुळगुळीत शहाबादी फरशी ओली झाली की निसरडी होते व शेवाळ धरल्यास धोक्याची ठरते. पेव्हर ब्लॉकखालील वाळू वाहून गेली की ते वरखाली होतात. ओले असतानाच झाडूने खरखरीत केलेले काँक्रीट दिसावयास साधे असले, तरी वापरावयास सर्वांत विश्वासू ठरते. पाणी वाहून जाण्यासाठी वाटेस आडवा उतार द्यावा लागतो. तो पन्नासास एक याहून अधिक झाल्यास खुर्ची सतत एका बाजूस ओढली जाते व एका हातास दुप्पट श्रम पडतात. गटारावरील जाळीच्या पट्ट्या वाटेच्या दिशेने बसविल्या तर पुढचे चाक त्यांत अडकते, आडव्या बसविल्या तर अडकत नाही. जाळी तीच आणि मजुरीही तीच. केवळ ती बसविणाऱ्यास कारण सांगितलेले असले पाहिजे.

४. दृष्टिहीन अभ्यागत आणि वाटेची भाषा

दृष्टिहीन व्यक्तीची अडचण वेगळ्या स्वरूपाची असते. तिला पायऱ्यांची भीती तितकीशी नसते. पायरी कोठे आहे हे न कळण्याची असते. पांढरी काठी जमिनीलगतचा अडथळा सांगते, परंतु अधांतरी असलेला सांगत नाही. ज्या फलकाची किंवा फांदीची खालची बाजू जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटरपेक्षा वर आहे, तिची वर्दी काठीकडून मिळत नाही. ती कपाळास मिळते. म्हणून वाटेवर सुमारे २.१ मीटर उंचीपर्यंत कोणतीही फांदी, पाटी वा तार नसावी, असा दंडक आहे.

काठीस व पावलास समजणारी भाषा वाटेवर लिहिता येते, ही कल्पना जपानमधील ओकायामा शहरातली. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये उंचवट्यांच्या फरशीचा शोध लावला आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा येथील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती प्रथम बसविण्यात आली. तिचे पुढे दोन प्रकार स्थिर झाले : लांबट पट्ट्यांची फरशी ‘पुढे चला’ असे सांगते, तर गोल टिंबांची फरशी ‘थांबा, पुढे बदल आहे’ असे बजाविते. आज आपल्या मेट्रो स्थानकांच्या फलाटांवर दिसणाऱ्या पिवळ्या पट्ट्या या त्याच फरशीच्या वंशज होत.

तथापि ही फरशी उद्यानात सर्वत्र अंथरणे इष्ट नव्हे. तिचे उंचवटे खुर्चीच्या चाकांस व अधू पावलांस त्रासदायक होतात, आणि लांबलचक बागेत तिचा पट्टा खंडित झाला तर तो नसण्यापेक्षा असणेच अधिक फसवे ठरते. बागेत निसर्गतःच दुसरे उपाय हाताशी असतात. वाटेच्या एका बाजूस सलग, काठीस लागेल अशी दहाएक सेंटिमीटर उंचीची कड ठेवली, तर काठी तिच्या आधाराने वाट काढू शकते. मुख्य वाट काँक्रीटची व फाट्यावरचा पट्टा दगडी फरशीचा ठेवला, तर पावलाखालचा पोत व आवाज बदलून फाटा आल्याचे कळते. टिंबांची फरशी पायऱ्या, पाण्याचा काठ व फाटक एवढ्याच ठिकाणी ठेवावी.

गंधाचा उपयोगही असाच विवेकाने व्हावा. सर्व सुगंधी झाडे एका ताटव्यात दाटीने लाविली की गंधांची सरमिसळ होऊन त्यांचा अर्थ नाहीसा होतो. त्याऐवजी एका वळणावर बकुळ, दुसऱ्यावर सोनचाफा, पाणपोईपाशी मरवा किंवा गवती चहा अशी योजना केल्यास गंध हीच खूण होते. अर्थात फुलांना हंगाम असतो व वेळही असते. पारिजात पहाटे सडा घालतो आणि रातराणी दरवळू लागते तेव्हा बहुतेक उद्यानांची फाटके बंद होत असतात. म्हणून पानांना वास असलेली झाडे, जी चुरगळताच बारा महिने ओळख देतात, ती अधिक भरवशाची. हाताने चाचपावयाच्या वाफ्यांत कण्हेरीसारखी विषारी, रुईसारखी डोळ्यांस अपायकारक चीक असलेली किंवा निवडुंगासारखी काटेरी झाडे नसावीत, हे सांगणे न लगे.

५. स्वतंत्र कोपरा की समाईक बाग ?

येथे एका मूलभूत वादाकडे वळावे लागते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन वनस्पती उद्यानात १९५५ मध्ये ॲलिस रेकनागल आयरिज या उद्यानरचनाकार महिलेने रचलेली गंधबाग प्रसिद्ध आहे. दृष्टिहीनांचा विचार करून रचलेली ती अमेरिकेतील आरंभीची सार्वजनिक बाग. स्पर्शासाठी वनस्पती, सुगंधी पानांच्या वनस्पती, सुगंधी फुलांच्या वनस्पती आणि स्वयंपाकात उपयोगी पडणाऱ्या वनस्पती असे तिचे चार भाग असून वाफे हातास सहज लागतील असे उंच केलेले आहेत व ब्रेल लिपीत नावे आहेत. त्यानंतर ‘अंधांसाठी बाग’ ही कल्पना अनेक देशांत पसरली.

या कल्पनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. उंच वाफ्याने खुर्चीवरील व्यक्तीस माती व फूल हाताशी आणून दिले, हा तिचा मोठाच लाभ. परंतु तिच्यात एक धोकाही आहे. अशी बाग एका कोपऱ्यात झाली की उरलेल्या बागेविषयीचे कर्तव्य संपले, असे व्यवस्थापनास वाटू लागते. दृष्टिहीन व्यक्ती आपल्या मुलाबाळांसह, मित्रांसह बागेत येते. तिला तळ्याकाठी बसून पाण्याचा आवाज ऐकावयाचा असतो, मुलगा घसरगुंडीवर खेळत असताना जवळ असावयाचे असते. तिला कोपऱ्यातील बागेकडे पाठविणे म्हणजे तिला तिच्या मंडळींपासून वेगळे करणे होय. स्वतः चाकाच्या खुर्चीचा वापर करणारे अमेरिकन वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांनी ज्या सर्वसमावेशक रचनेचा पुरस्कार केला, तिचे तत्त्व हेच की मूळ रचनाच शक्य तितक्या सर्व माणसांस वापरता यावी. काहींसाठी वेगळी सोय करणे हा नंतरचा व नाइलाजाचा मार्ग. या तत्त्वाची सात सूत्रे १९९७ मध्ये उत्तर कॅरोलिनात सिद्ध झाली आणि त्यांतील पहिलेच सूत्र समान वापराचे आहे.

समान वापराचा विचार केवळ चाल व दृष्टी यांपुरताही मर्यादित नाही. श्रवणदोष असलेल्या अभ्यागतास बाग बंद होण्याची शिट्टी ऐकू येत नाही. त्यास दिव्याची खूण हवी. स्वमग्न मुलास कारंज्याचा व ध्वनिवर्धकाचा एकत्र गोंगाट असह्य होऊ शकतो. त्यासाठी एक शांत वळण, आणि पुढे काय आहे हे आधीच सांगणारा साधा नकाशा फाटकाशी असावा. वृद्धांसाठी साधारण ३० मीटर अंतरावर पाठ व हात असलेले बाक असावेत. हातांवर भार देऊन उठता येते, बिनहाताच्या कट्ट्यावरून येत नाही. आणि प्रत्येक बाकाशेजारी एक खुर्ची मावेल एवढी फरसबंद जागा सोडावी, म्हणजे खुर्चीवरील व्यक्तीस वाटेच्या मध्ये थांबावे न लागता आपल्या सोबत्याच्या शेजारी बसता येईल.

६. सौंदर्याचा आक्षेप

सुगम्यतेमुळे बागेचे सौंदर्य बिघडते, असा आक्षेप घेण्यात येतो. त्याचा विचार ज्या ठिकाणी तो सर्वांत प्रबळ आहे, तेथेच केला पाहिजे. ओकायामा येथील कोराकुएन हे उद्यान इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये आरंभिले, १७०० मध्ये ते पूर्ण झाले व १८८४ मध्ये जनतेस खुले झाले. त्याच्या धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यावर १० एकर जागेत पुणे–ओकायामा मैत्री उद्यान उभे राहिले, पु. ल. देशपांडे उद्यान या नावाने ते सर्वांस परिचित आहे. अशा जपानी पद्धतीच्या बागेत चालणे हाच आस्वाद असतो. वळण घेताच नवे दृश्य दिसावे, ओबडधोबड दगडावरून पाऊल जपून टाकावे लागावे व त्यामुळे गती मंदावावी, कमानदार पुलावर चढून पाणी पाहावे, अशी त्या शैलीची योजना असते. दगड काढून काँक्रीट घातले तर ती शैली उरत नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु प्रश्न दगड काढण्याचा नाहीच. त्या दगडांनी जे दृश्य दाखविले, ते दुसऱ्या वाटेने दाखविता येते की नाही, हा आहे. पायदगडांच्या वाटेस समांतर अशी एक सपाट वाट काढता येते. मात्र ती कुंपणाच्या मागून न जाता त्याच तळ्याच्या काठी, त्याच वळणावर आली पाहिजे. कमानीचा पूल तसाच राहू द्यावा, परंतु पलीकडे जाण्यास एक सपाट पूलही असावा. थोडक्यात, मार्ग दोन असले तरी दृश्य एकच असावे. आस्वादाची समानता ही पावलांच्या समानतेवर अवलंबून नाही. ज्या शहराने उद्यानाची शैली दिली, त्याच शहराने पावलांनी वाचावयाची फरशीही जगास दिली. सौंदर्य आणि सुगम्यता यांत उपजत वैर नाही, याची साक्ष ओकायामाचा हा दुहेरी वारसाच देतो.

७. उद्यान वाढते

आता शेवटच्या व माझ्या मते सर्वांत उपेक्षित मुद्द्याकडे येऊ. इमारत बांधली की तिचे मोजमाप स्थिर राहते. रॅम्प बारास एक असेल तर दहा वर्षांनीही तो बहुधा तसाच असतो. उद्यानाचे तसे नाही. वडाची व पिंपळाची मुळे फरशी उचलतात व सपाट वाटेवर दोन सेंटिमीटरची कड निर्माण करतात. ही कड चाकास काय करते, हे वर पाहिलेच आहे. मेंदीचे कुंपण दोन पावसाळे छाटले नाही तर दीड मीटरची वाट पाऊण मीटरची होते. बोगनवेलीची फांदी श्रावणात कपाळाच्या उंचीवर येते. गुलमोहराच्या पाकळ्या व ओला पालापाचोळा यांखाली टिंबांची फरशी झाकली जाते, आणि जून महिन्यात सावलीतील प्रत्येक फरशी शेवाळते. एप्रिल महिन्यात सुगम्य म्हणून प्रमाणपत्र मिळविलेले उद्यान सप्टेंबरात तसे असेलच, असे म्हणता येणार नाही.

याचा अर्थ असा की, उद्यानातील सुगम्यता एकदा बांधून होत नाही. ती प्रत्येक ऋतूत पुन्हा राखावी लागते. ती राखणारा मनुष्य हा अभियंता नसून माळी असतो. कंत्राटात झाडांना पाणी किती वेळा घालावे हे लिहिलेले असते. परंतु वाटेची मोकळी रुंदी किती राखावी, फांदी किती उंचीवर छाटावी, उचललेली फरशी किती दिवसांत बसवावी, हे लिहिणे तितकेच आवश्यक आहे. माळ्याच्या हाती ९० सेंटिमीटरची एक काठी व २.१ मीटरचा एक बांबू दिला, आणि आठवड्यातून एकदा त्या दोहोंसह सर्व वाटा फिरण्यास सांगितले, तर कित्येक दोष तक्रार येण्यापूर्वीच निघतील.

समारोप व अभ्यासाच्या दिशा

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल : उद्यानाची सुगम्यता ही फाटकापासून फाटकापर्यंत अखंड असली पाहिजे, ती सर्वांच्या समाईक वाटेवर असली पाहिजे आणि ऋतूमागून ऋतू राखली गेली पाहिजे. यांपैकी पहिल्या गोष्टीसाठी नकाशा लागतो, दुसरीसाठी दृष्टी आणि तिसरीसाठी नित्याची मजुरी. खर्चाचा मोठा भाग बहुधा पहिलीत दिसतो. अपयश मात्र बहुधा तिसरीत येते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या क्षेत्रात पुष्कळ काम करण्यासारखे आहे. आपल्या गावातील एक उद्यान निवडावे. त्यातील वाटांचे फाट्यांनुसार खंड पाडावेत. प्रत्येक खंडाची रुंदी, चढ, आडवा उतार, सर्वांत मोठी कड व मोकळी उंची मोजावी. आणि फाटकापासून निघून कोणत्या अभ्यागतास कोठवर पोहोचता येते, हे नकाशावर रंगवावे. हीच पाहणी मे महिन्यात एकदा व ऑक्टोबरात पुन्हा करावी, म्हणजे एका पावसाळ्याने किती वाट हिरावून घेतली याचे प्रत्यक्ष मोजमाप मिळेल. ही पाहणी अपंग अभ्यागतांच्या सोबतीने, त्यांना मानधन देऊन व त्यांचे निरीक्षण प्रमाण मानून झाली पाहिजे. कारण चालणाऱ्या निरीक्षकाच्या डोळ्यास दोन सेंटिमीटरची कड दिसत नाही. भूगोल, वनस्पतिशास्त्र, समाजशास्त्र व स्थापत्य या चारही शाखांना यात वाव आहे, आणि अशा पाहणीचे नकाशे नगरपालिकांच्या हाती गेल्यास पुढील पावसाळ्यापूर्वी निदान काही वाटा तरी मोकळ्या होतील.